पुढच्यास ठेच

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शाळेतल्या निबंधात ती लिहिली, घरात मुलांना ऐकवली, आणि एखाद्याचे नुकसान झालेले पाहून मनातल्या मनात, काहीशा समाधानानेही, उच्चारली. परंतु या म्हणीतील एक पायरी आपण नेहमी गाळतो. पुढच्याला ठेच लागली एवढ्यानेच मागचा शहाणा होत नाही. पुढच्याने मागे वळून ‘येथे दगड आहे’ असे सांगावे लागते. तो जर ओठ दाबून, काही झालेच नाही अशा थाटात पुढे चालू लागला, तर मागच्याच्या वाट्याला शहाणपण येत नाही. तोच दगड येतो.

हा विचार आम्हाला घरी बसून सुचला नाही. कॅनडातील एका डोंगरावरच्या अरण्यात, चिखलाने माखलेली सायकल हाताशी धरून उभे असताना तो सुचला. आणि सुचल्यानंतर त्याने आम्हाला स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून हे लिहिण्याचा खटाटोप.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा संपल्यावर, आम्ही सपत्नीक धाकट्या बहिणीकडे राहावयास गेलो होतो. तिचे कुटुंब वसईहून तिकडे जाऊन आता पंचवीस वर्षे होत आली. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील व्हँकूव्हर शहराच्या उत्तरेस खाडी ओलांडली की नॉर्थ व्हँकूव्हर लागते आणि तेथील घरांच्या शेवटच्या रांगेमागे लगेच डोंगर उभे राहतात. सायप्रेस, फ्रोम आणि सेमूर ही त्यांची नावे. स्क्वामिश आणि त्स्लेल-वाटुथ या आदिवासी समाजांची ही पिढीजात भूमी. पाऊस आपल्या वसईसारखाच धो धो, मात्र त्याचा भर हिवाळ्यात. सीडर, हेमलॉक आणि डग्लस फर या उंचच उंच वृक्षांखाली भर दुपारीही संधिप्रकाश असतो. मधूनमधून चार माणसांच्या कवेत न मावणारे जुने बुंधे दिसतात. शंभरएक वर्षांपूर्वी येथील मूळ अरण्य तोडले गेले, त्याच्या त्या खुणा. बुंध्यांच्या अंगावर अजूनही खाचा आहेत. लाकूडतोडे त्या खाचांत फळी अडकवीत आणि तिच्यावर उभे राहून करवत चालवीत.

याच अरण्यात सायकलींच्या वाटा आहेत. १९८० च्या दशकापासून तेथील काही तरुणांनी, बहुधा कोणाची परवानगी न घेता, फावडे आणि कुऱ्हाड घेऊन त्या तयार केल्या. दलदलीवरून आणि खडकांवरून जाता यावे म्हणून त्यांनी पडलेल्या सीडरचे लाकूड चिरून शिडीसारखे पूल बांधले. या पुलांमुळे ‘नॉर्थ शोर’ हे नाव जगभरच्या सायकलस्वारांच्या तोंडी झाले. त्या काळी वाटांच्या तोंडाशी पाट्या नसत. कित्येक वाटांची तोंडे मुद्दाम झाकून ठेवलेली असत. ज्याला ठाऊक त्यानेच जावे, असा एकूण भाव. फ्रोम डोंगरावरच्या एका वाटेचे नावच मुळी ‘सेव्हन्थ सीक्रेट’, म्हणजे सातवे गुपित, असे आहे. पुढे १९९७ साली नॉर्थ शोर माउंटन बाइक असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. आता तिचे स्वयंसेवक वाटांची निगा राखतात, पाण्याला चर काढून देतात, झिजलेल्या ठिकाणी दगड बसवितात. मान्यताप्राप्त वाटांच्या तोंडाशी पाट्याही आल्या आहेत. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी वाट, निळा चौरस म्हणजे मध्यम, पत्त्यांतल्या चौकटीसारखी काळी खूण म्हणजे कठीण, आणि अशा दोन खुणा म्हणजे अतिकठीण. बर्फावरच्या स्कीच्या खेळातून ही पद्धत सायकलस्वारांनी घेतली. तरीही अरण्य ते अरण्यच. पाटी असते वाटेच्या तोंडाशी. आत शिरल्यावर जुन्या, विसरलेल्या, अर्ध्यावर सोडलेल्या वाटा ठिकठिकाणी येऊन मिळतात आणि तेथे कोणीही काही सांगावयास नसते.

भाचा अशा स्वयंसेवकांपैकी एक. वर्षातून काही रविवार तो मिस्सा आटोपल्यावर फावडे घेऊन डोंगरावर जातो. त्याच्या सायकलीच्या दांड्याला मादोन्ना देल गिसाल्लोचे लहानसे पदक बांधलेले आहे. इटलीत कोमो सरोवराजवळच्या चढणीवर या मातेचे छोटे मंदिर आहे आणि १९४९ साली पोप पायस बारावे यांनी तिला सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. पदक बांधले आमच्या बहिणीने. भाचा हसून म्हणतो, “मामा, आई पदक बांधते आणि हेल्मेटचा पट्टाही स्वतः ओढून बघते.” आम्हाला त्या दोन कृतींत विसंगती वाटली नाही. श्रद्धा वाटेवरचे मूळ काढून टाकीत नाही, हे आमच्या बहिणीला चांगले ठाऊक आहे.

सायकल आम्हाला नवी नाही. तरुणपणी पहाटेच्या अंधारात फुलांचे भारे बांधून वाडीतून स्टेशनपर्यंत ती किती वेळा हाकली असेल, याची गणती नाही. बावखलाच्या कडेची ती वीतभर वाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला काट्याची वई. दिवा नाही, पाटी नाही. त्यामुळे भाच्याने “मामा, येता का? सोपी वाट आहे” असे विचारताच, सौभाग्यवतीच्या कपाळावरच्या आठीकडे दुर्लक्ष करून आम्ही होकार दिला.

रस्त्यावरची सायकल आणि अरण्यातली सायकल यांत किती अंतर आहे ते पहिल्या दहा मिनिटांतच कळले. रुंद, दातेरी चाके, पुढे धक्के शोषणारी स्प्रिंग, उतारावर खाली करता येणारी बैठक, एवढी सामग्री असूनही ओल्या मुळांपुढे सारे व्यर्थ. मूळ साबणासारखे निसरडे. भाच्याने आधीच बजावले होते, “मुळावर ब्रेक दाबायचा नाही, मामा. वेग कमी करायचा तो मुळाच्या आधी. आणि तिरपं जायचं नाही, सरळ काटकोनात ओलांडायचं.” त्याने आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती आम्हाला फार मोलाची वाटली. ज्या दगडाची भीती वाटते त्याच्याकडे बघत राहायचे नाही. जिथे जायचे तिथे बघायचे. नजर दगडावर खिळली की चाकही दगडावरच जाते. आम्ही दोनदा पडलो, आणि दोन्ही वेळा नजर नको तिथे होती.

अर्धा उतार संपल्यावर भाचा म्हणाला, “तुम्ही सावकाश या. मी खालच्या पुलापाशी थांबतो. वाट एकच आहे.” तो झाडांत दिसेनासा झाला.

वाट एक नव्हती. दोन वळणांनंतर ती फुटली. एक फाटा डावीकडे, नेच्याच्या झुडपांतून, अरुंद आणि पानांनी झाकलेला. दुसरा उजवीकडे, रुंद, मळलेला, चाकांच्या ठशांनी भरलेला. मोबाइलवर नकाशा होता. परंतु दाट झाडीखाली आमचे स्थान दाखविणारा निळा ठिपका दोन्ही रेषांमध्ये घुटमळत राहिला. आम्ही व्यवहारी माणसाप्रमाणे विचार केला : ज्या वाटेने पुष्कळ लोक गेले तीच खरी. उजवीकडे वळलो.

सुमारे पाव तास ती वाट आम्हाला खाली नेत राहिली. मग एका ओढ्याच्या घळीपाशी ती संपली. पुढे उभा कडा, खाली पाण्याचा आवाज. मागे वळून सायकल चढणीवर ढकलताना अंधार उतरू लागला. शर्ट घामाने भिजलेला आणि वारा गार. त्या पाऊण तासात वयाचा पुरेपूर हिशेब झाला. पुन्हा फाट्यापाशी पोहोचलो तेव्हा वरून खाली आणि खालून वर हाका मारीत फिरणारा भाचा भेटला. त्याचा चेहरा उतरला होता. “मामा, या वाटेनं मी शंभर वेळा गेलो असेन,” तो म्हणाला, “पण हा फाटा मला कधी दिसलाच नाही.”

ते खोटे नव्हते. ज्याला वाट ठाऊक आहे त्याला फाटा दिसत नाही. फाटा असतो तो नवख्यासाठी. आणि जाणत्या माणसाचे ‘वाट एकच आहे’ हे वाक्य प्रामाणिक असूनही नवख्याला चुकविणारे ठरते.

भाच्याने डोक्यावरचा दिवा लावला आणि वाकून उजवीकडचे ठसे पाहिले. मग म्हणाला, “बघा मामा, ही वाट एवढी मळलेली का आहे ते. जाणाऱ्यांचे ठसे आहेत आणि परतणाऱ्यांचेही.” आम्ही पाहत राहिलो. खऱ्या वाटेवरून माणूस एकदाच जातो, कारण ती त्याला खाली घेऊन जाते. चुकीच्या वाटेवरून तो दोनदा जातो. म्हणून चुकीची वाट अधिक मळते, अधिक रुंद होते आणि पुढच्या नवख्याला अधिक खरी वाटते. आमच्यासारखे कितीतरी जण त्या घळीपर्यंत जाऊन आले असतील. प्रत्येकजण दमून, ओशाळून याच फाट्यावर परतला असेल, आणि प्रत्येकाने डावीकडची वाट धरून मुकाट्याने घर गाठले असेल. मागून येणाऱ्यासाठी एक फांदीही कोणी आडवी ठेवली नव्हती.

आम्ही दोघांनी ती ठेवली. दोन जाड, वाळलेल्या फांद्या शोधून उजव्या वाटेच्या तोंडावर एकमेकींवर आडव्या टाकल्या. डोंगरात फिरणाऱ्यांमध्ये ही खूण जुनी आहे. तिला अक्षरे लागत नाहीत. पाच मिनिटांचे काम. खाली उतरताना भाच्याने २०१५ सालची एक हकीकत सांगितली. त्या काळात याच डोंगरावर कोणीतरी सायकलींच्या उतारांवर, वळणाच्या पलीकडे, ओंडके आणि दगड आडवे टाकून ठेवी. स्वारांनी झाडांवर छुपे कॅमेरे लावले आणि वर्षारंभी पोलिसांनी एका व्यक्तीला पकडले. ऐकताना अंगावर काटा आला, कारण आमच्याही हातांना नुकत्याच ठेवलेल्या फांद्यांचा चिखल लागलेला होता. लाकूड तेच, आडवे टाकणेही तेच. फाट्याच्या तोंडावर उघड दिसेल असे टाकले तर ते उपकार. उताराच्या मध्यावर दिसणार नाही असे टाकले तर तो घात. नीतीचा प्रश्न लाकडाचा नाही. समोरच्याने ते पाहावे अशी आपली इच्छा आहे की नाही, याचा आहे.

तेथील कायद्यानेही काहीसा असाच विवेक केलेला दिसतो. ब्रिटिश कोलंबियात अरण्यातल्या अशा वाटेवर जो मोफत, आपण होऊन जातो, त्याने तेथील धोका स्वतः पत्करला असे कायदा मानतो. मूळ निसरडे होते, दगड टोकदार होता, अशी तक्रार जमीनधारकाविरुद्ध सहसा चालत नाही. मात्र इजा करण्याच्या हेतूने धोका निर्माण करणे किंवा येणाऱ्याच्या जिवाची पर्वा न करता बेछूट वागणे यांना माफी नाही. आम्हाला ही विभागणी योग्य वाटते. वाट अवघड असणे हा कोणाचा गुन्हा नव्हे. अवघड वाट सोपी म्हणून सांगणे हा गुन्हा आहे. आणि ती अवघड आहे हे ठाऊक असून गप्प राहणे? कायदा येथे बोलत नाही. सदसद्विवेकबुद्धीला मात्र बोलावे लागते, आणि आमच्या बाबतीत ती त्या रात्री बोलू लागली.

ती काय बोलली ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिलो. मित्र चांगला, ओळख लहानपणची, आणि सहीला लागतात दोन क्षण. हप्ते थकले, पतपेढीच्या नोटिसा आमच्या दारी येऊ लागल्या. शेवटी वाडीतला, वडिलांनी केळी लावलेला, एक तुकडा विकून ते कर्ज आम्ही फेडले. मुलांना सांगितले की जमिनीला भाव चांगला आला म्हणून विकली. धर्मग्रामातही तेच सांगितले. लोकांनी आम्हाला हिशेबी म्हटले आणि आम्ही ते नाकारले नाही. सहा वर्षांपूर्वी आमचा थोरला मुलगा अशाच एका मित्राला, अशाच एका कर्जासाठी, जामीन राहिला. आम्हाला कळले तेव्हा दोन वर्षांचे हप्ते थकलेले होते. तेव्हाही आम्ही त्याच्यावर रागावलो. आमची गोष्ट सांगितली नाही. “विचारायचं तरी होतं,” असे मात्र म्हणालो. तो म्हणाला, “बाबा, तुम्ही असल्या भानगडीत कधी पडला नाहीत. तुम्हाला काय विचारणार?”

त्या अरण्यातील फाट्यावर हे वाक्य आम्हाला पुन्हा ऐकू आले. आम्ही घळीपर्यंत जाऊन आलो होतो, दोनदा ती वाट तुडवली होती, आणि फाट्यावर काही न ठेवता निघून आलो होतो. उलट आमच्या मौनाने ती वाट मुलाला अधिक मळलेली, अधिक भरवशाची वाटली. वडील कधी चुकले नाहीत, तेव्हा सहीत काय आहे? आपल्या मराठीत ‘वाटेला लावणे’ म्हणजे मार्गस्थ करणे आणि ‘वाट लावणे’ म्हणजे नासाडी करणे. दोहोंत अंतर किती थोडे आहे, ते आम्हाला फार उशिरा कळले.

येथे काही शंका रास्तपणे उभ्या राहतात, आणि आम्ही त्या स्वतःला विचारल्या आहेत. पहिली अशी की सगळ्याच वाटांवर पाट्या लावल्या तर चालणारा शिकणार कसा? ही शंका खरी आहे. पाट्यांच्या आधारावरच जो उतरतो त्याची नजर मुळाकडे राहत नाही. जे पालक मुलासमोर केवळ हिरव्या वर्तुळांच्या वाटा ठेवतात, शाळा ठरलेली, नोकरी ठरलेली, परदेश ठरलेला, त्यांची मुले पहिल्याच ओल्या मुळावर कोसळतात, हे आपण आपल्याच घरांतून पाहिले आहे. परंतु आम्ही वाट गुळगुळीत करण्याविषयी बोलत नाही. भाच्याने आमच्यासाठी एकही मूळ कापले नाही. मुळावर कसे जावे ते सांगितले आणि पडू दिले. त्या दोन पडण्यांबद्दल आमची तक्रार नाही. उलट तीच आमची शाळा झाली. पण घळीकडे जाऊन येण्यातून कोणी काही शिकत नाही. त्यात दिवस मावळतो, एवढेच.

दुसरी शंका अब्रूची. प्रत्येकाने आपली पडझड मुलाबाळांपुढे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे मांडावी काय? तशी आवश्यकता नाही. फाट्यावर फांदी ठेवणारा आपण घळीत किती घाबरलो याचे वर्णन तेथे लिहून ठेवीत नाही. तो एवढेच सांगतो की येथून जाऊ नका, मी जाऊन आलो आहे. मित्राचे नाव सांगण्याचे कारण नव्हते, त्याला दोष देण्याचेही नव्हते. ‘जामीन राहणे म्हणजे कर्ज स्वतः घेणे, मी राहिलो होतो, आणि तो तुकडा त्यातच गेला,’ एवढे एक वाक्य पुरेसे होते. ते वाक्य आम्ही पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूंना सांगितले होते, खोटेपणाबद्दल क्षमाही मागितली होती. क्षमा मिळाली, यावर आमचा विश्वास आहे. परंतु क्षमेने फाट्यावरची फांदी आपोआप जागेवर येत नाही. ती आपल्या हातांनी ठेवावी लागते.

तिसरी शंका अधिक अवघड. सांगूनही मुलगा ऐकला नसता तर? शक्य आहे. आडव्या फांद्या ओलांडून जाणारे असतातच आणि त्यांना तसा अधिकारही आहे. कदाचित त्या घळीपलीकडे कोणी धाडसी स्वार खरीच वाट काढील. म्हणून आम्ही खुणेला आज्ञा मानीत नाही. ती साक्ष आहे. साक्ष देणाऱ्याचे काम खरे बोलणे, निकाल देणे नव्हे. वडीलधाऱ्यांची चूक बहुधा येथेच होते. आपण मुलांना आज्ञा भरपूर देतो आणि साक्ष देत नाही. ‘कोणाला जामीन राहू नकोस’ असे आम्ही थोरल्याला बहुधा दहा वेळा सांगितले असेल. पण त्या वाक्यामागे माणूस उभा नव्हता. त्याला तो म्हाताऱ्यांचा नेहमीचा उपदेश वाटला.

आणि जो हरवला त्याचे काय? नॉर्थ व्हँकूव्हरमध्ये १९६५ साली स्थापन झालेले ‘नॉर्थ शोर रेस्क्यू’ नावाचे स्वयंसेवकांचे पथक आहे. डोंगरात हरवलेल्या, पडलेल्या लोकांना शोधून आणण्यासाठी त्याला वर्षाला शंभराहून अधिक वेळा धावावे लागते. या सुटकेचे पैसे ते घेत नाहीत. यामागचे कारण भाच्याने सांगितले ते मनात राहिले. पैसे पडतील या धास्तीने माणूस हाक मारायला उशीर करतो, आणि उशिरामुळे मरतो. शोधणाऱ्यांनाही अंधारात, अधिक धोक्यात जावे लागते. आमच्या मनात आले, पैशांइतकीच किंमत लाजेची असते. आमच्या मुलाने दोन वर्षे हाक मारली नाही, ती आमच्या घरात चुकण्याची किंमत फार मोठी होती म्हणून. ज्या घरात वडील कधी हरवलेलेच नाहीत, तेथे हरवलेल्या मुलाने कोणाला हाक मारावी?

वसईला परतल्यावर पहिल्या रविवारी, जेवणे झाल्यावर, आम्ही थोरल्याला ओट्यावर बसवून घेतले. विकलेला तुकडा तेथून दिसत नाही. मध्ये आता इमारत उभी आहे. आम्ही त्याला तारीख सांगितली, रक्कम सांगितली, सही कोठे बसून केली तेही सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “आजोबांना माहीत होतं?” आम्ही सांगितले की होते, आणि ते आम्हाला एका शब्दाने बोलले नव्हते. पुढे कधी ते स्वतः कोणाला जामीन राहिले होते का, हे विचारावयाचे आमचे राहून गेले. आता विचारावयाला ते नाहीत.

थोरल्याचे हप्ते अजून दीड वर्ष आहेत. त्यातला काही भार आम्ही उचलला आहे, सगळा नव्हे. तसे त्यानेच ठरवले. गेल्या महिन्यात त्याची मुलगी, वय वर्षे अकरा, बावखलाच्या कडेने सायकल शिकताना पडली. गुडघा फुटला. ती रडत असताना थोरला तिच्याशेजारी मातीत बसला आणि आपल्या पोटरीवरची जुनी खूण दाखवून म्हणाला, “ही बघ. मीही इथंच पडलो होतो. त्या वळणावर माती भुसभुशीत आहे.” मुलीने खूण बोटाने चाचपली, वळणाकडे पाहिले आणि सायकल उचलली.

भाच्याचा परवा फोन आला होता. फाट्यावरच्या फांद्या हिवाळ्याच्या पावसात वाहून गेल्या होत्या. त्याने नव्या ठेवल्या.